‘ब्लडी किसेस’: जुनी सीडी, वाढीव आवृत्ती आणि मधल्या अंतरांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका श्रोत्याकडे टाइप ओ निगेटिव्ह या अमेरिकन गॉथिक मेटल बँडच्या ‘ब्लडी किसेस’ या अल्बमची जुनी सीडी आहे. वीस-बावीस वर्षं ऐकून ती पाठ झाली आहे. आता 2009 ची दोन सीडींची वाढीव आवृत्ती हाती आली. नवी जास्त जोरात वाजते की मलाच तसं वाटतं? दुसरी सीडी कशी ऐकायची? विनाइलही घ्यावं का, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात हे सगळं टिकेल का?

आधी एक करा. दुसरी सीडी खोक्यात परत ठेवा आणि आठवडाभर तिला हात लावू नका. वाढीव आवृत्ती आली की लोक थेट जादा गाण्यांवर तुटून पडतात, आणि ज्या सीडीची खरी तुलना करायची ती अर्धवट ऐकून ‘हो, बरी आहे’ म्हणून मोकळे होतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच सीडीत आहे.

आता तुमची ‘जुनी’ म्हणजे नेमकी कुठली ते बघू. अल्बम 17 ऑगस्ट 1993 ला रोडरनर या कंपनीने काढला. त्यावर 14 ट्रॅक होते, सगळे मिळून साधारण 73 मिनिटं. त्यातली गाणी दहाच. उरलेले चार म्हणजे आवाजांचे छोटे जोडतुकडे, मिळून जेमतेम साडेचार मिनिटं. 1994 ला डिजिपॅक, म्हणजे पुठ्ठ्याच्या कव्हरमधली आवृत्ती, आली. त्यात चारही जोडतुकडे उडाले, दोन वेगवान हार्डकोर धाटणीची गाणी उडाली, ‘सस्पेंडेड इन डस्क’ हे गाणं आत आलं, नऊ ट्रॅक उरले आणि क्रम पार बदलला. 2009 च्या आवृत्तीत पहिल्या सीडीवर 14 ट्रॅकचा अल्बम आहे आणि दुसरीवर ‘सस्पेंडेड इन डस्क’, रेडिओसाठी कापलेली गाणी आणि वेगळे मिक्स. म्हणजे हा अल्बम वाढवण्याआधी एकदा कापून झाला होता. ‘मूळ’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरावा लागतो.

मागच्या कव्हरवर ट्रॅक मोजले की 14 चा की 9 चा हे कळतं. 14 चा असेल तर सीडी उलटी करा आणि मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर व आरशासारख्या पट्टीवर मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. तिथे ‘आयएफपीआय’ ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे छोटा कोड दिसला, तर ती प्रत 1994 मध्ये किंवा त्यानंतर दाबलेली आहे, कारण हे कोड वापरात आले तेच 1994 पासून. ‘पहिलं प्रेसिंग’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक सीड्या या एका नजरेत उघड्या पडतात. आवाजात मात्र याने काहीच ठरत नाही. त्याच मास्टरवरून (ज्या अंतिम ध्वनिमुद्रणावरून सीड्या दाबतात त्यावरून) पाच वर्षांनी दाबलेली सीडीही अगदी तशीच वाजते. भाव ठरवायला कोड बघा, कान ठरवायला नको.

मग आवाजाची तुलना. ती सीडी प्लेअरवर एक काढून दुसरी घालून कधीच होत नाही. डिस्क बदलायला लागणाऱ्या वीस सेकंदांत बारीक फरकांची आठवण विरते आणि उरतो तो फक्त ‘मोठा की लहान’ हा ठसा. दोन्ही सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्राम वापरा. सिक्युअर मोड ठेवा, फॉरमॅट फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारा) निवडा, आणि अ‍ॅक्युरेटरिपचा निकाल बघा. ‘अ‍ॅक्युरेट’ आला म्हणजे तुमची उतरवलेली प्रत इतरांच्या त्याच सीडीशी बिट-न्-बिट जुळली. एखादा ट्रॅक जुळला नाही तर सीडी मधून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला चरा एकाच ट्रॅकच्या लांबलचक पट्ट्यावर बसतो आणि प्लेअरची चूक-दुरुस्ती तिथे हात टेकते; आडवा चरा ती सहज भरून काढते.

फाइल्स हाती आल्या की पहिलं काम मोजमाप, ऐकणं नंतर. माणसाचा कान इथे हमखास फसतो: एकच ध्वनिमुद्रण अर्धा-एक डेसिबल मोठं वाजवलं तर ऐकणारा ‘मोठं’ म्हणत नाही, ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त खुलं’ म्हणतो. त्यामुळे पातळी समान केल्याशिवाय दिलेलं कुठलंही मत बाद समजा, कितीही जाणकाराचं असो. फूबार2000 या प्लेअरमध्ये दोन्ही अल्बम निवडून रीप्लेगेन (आवाजाची सरासरी पातळी मोजणारं) स्कॅन करा, अल्बम म्हणून, ट्रॅक म्हणून नव्हे. ट्रॅकप्रमाणे केलं तर हळू, म्हणजे कमी आवाजाचं, गाणं वर उचललं जातं, मोठं खाली दाबलं जातं, आणि बँडने ठरवलेली गाण्या-गाण्यांतली पातळी मोडते. स्कॅननंतर दोन आकडे समोर येतील. दोन्हींत एखाद्या डेसिबलच्या आतला फरक असेल तर ‘जोरात वाजते’ हा भास होता, विषय संपला. तीन-चार किंवा जास्त असेल तर तुमचा कान बरोबर होता आणि पुढचा प्रश्न उभा राहतो: नुसती पातळी वर नेलीय की त्यासाठी वरची टोकं कापलीत?

ते बघायला ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम पुरेसा आहे. दोन्ही प्रतींमधलं एकच गाणं एकाखाली एक उघडा आणि ‘शो क्लिपिंग’ चालू करा. ड्रमच्या ठोक्यापाशी इतकं झूम करा की लाटेचा एकेक ठिपका दिसेल. निरोगी लाटेचा माथा टोकदार असतो. लिमिटरखालून (ठरावीक पातळीच्या वरची टोकं दाबणाऱ्या यंत्रणेखालून) काढलेल्या लाटेचे माथे एकाच उंचीवर, कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसतात. स्नेअरचा ठोका हे सगळ्यात चांगलं ठिकाण, कारण त्याचं टोक काही मिलिसेकंदांचंच असतं आणि लिमिटर पहिला बळी त्याचाच घेतो. टोक गेलं की ठोका ‘टक्’ऐवजी ‘थप्’ ऐकू येतो. अर्ध्या तासात थकवा येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, ‘भरदार बेस’ नाही.

डायनॅमिक रेंजचा डीआर आकडा लोक फार मिरवतात. गाण्याच्या सर्वांत मोठ्या 20 टक्के तुकड्यांची पातळी आणि वरचं टोक यांतलं ते अंतर आहे, बाकी काही नाही. सीडीची तुलना सीडीशी करायला ठीक. पण विनाइलवरून उतरवलेल्या फाइलला हा मीटर लावू नका. तबकडी कापताना आणि सुईने वाचताना लाटेची कला (फेज, म्हणजे तिच्यातल्या सुरांचं एकमेकांतलं वेळेचं नातं) सरकते, सपाट माथे पुन्हा टोकदार दिसू लागतात आणि आकडा दोन-चारने फुगतो. त्याच चेपलेल्या मास्टरवरून कापलेली तबकडीही मीटरवर ‘मोकळी’ दिसते. विनाइलच्या बाजूने होणाऱ्या अर्ध्या वादांचा पाया हा फुगीर आकडा आहे.

तिसरी परीक्षा जास्त बोलकी. दोन्ही प्रतींतलं एक गाणं घ्या, पातळी जुळवा, सुरुवात अगदी ठिपक्याला ठिपका लावून जुळवा (सीडीत सेकंदाला 44,100 ठिपके असतात, त्यामुळे भरपूर झूम लागेल), एक प्रत इन्व्हर्ट (लाट वरची खाली) करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जवळपास शांतता आली तर मास्टर तेच. तुम्ही नव्या कव्हरसाठी पैसे मोजलेत. फक्त चिरचिर किंवा फक्त घुमारा उरला तर मास्टर तेच, ईक्यू (खालच्या-वरच्या पट्ट्यांचा समतोल) बदललाय. ठोक्यांच्या जागी फटाफट टोकं उरली तर लिमिटर लावलाय. आणि सुरुवातीला शांतता, मग हळूहळू आवाज वाढत जाऊन शेवटी दोन्ही प्रती सुट्या ऐकू आल्या, तर ते टेपवरून डिजिटलमध्ये केलेलं वेगळं रूपांतर आहे. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत दहाचा फरक असला तरी 11 मिनिटांच्या गाण्यात साडेसहा मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास 290 ठिपक्यांची तूट पडते. हा फरक एका लयीत वाढत गेला तर घड्याळांचा. मागेपुढे डुलत राहिला तर टेप पुन्हा चालवली आहे.

हे सगळं एका ठिकाणी लावून बघायचं तर ‘ब्लॅक नंबर वन’ घ्या. अकरा मिनिटांच्या पुढचं गाणं आहे आणि त्याची सगळी नाट्यमयता अंतरांवर उभी आहे. सुरुवात बँडचा गायक आणि बेसवादक पीटर स्टील याच्या बेसची, बाकीचे मागे. मग कडव्यात त्याचा तळघरातून आल्यासारखा आवाज. मग गिटार सगळ्या वजनानिशी कोसळते. यूलीनसारखा फुकट मिळणारा लाउडनेस मीटर लावा आणि ‘शॉर्ट टर्म’ हा तीन सेकंदांचा आकडा बघा. बेस एकटा असताना किती, गिटार कोसळल्यावर किती, दोन्ही लिहून घ्या. नव्या प्रतीतही तेच. जुन्यात हे अंतर समजा 8 असेल आणि नव्यात 5, तर आकड्यात ते तीनच दिसतं, पण ऐकताना गाण्याचा पायाच ढिला झालेला असतो. हळू जागा मोठ्या झाल्या की कोसळायला उंचीच उरत नाही. या संगीतप्रकारात संथपणा असतो, ऑर्गन असतो, कोरस असतो, आणि वजन येतं ते हळू आणि मोठ्यातल्या या दरीतून. थ्रॅश मेटलचा अल्बम तीन डेसिबल चेपला तरी तग धरतो. गॉथिक मेटल धरत नाही. नव्या आवृत्तीचा निकाल देताना बाकी सगळं विसरलात तरी हा एक फरक मोजा.

मोजून झालं की आंधळी चाचणी. फूबारला एबीएक्सची (कुठली प्रत वाजतेय हे न सांगता ओळखायला लावणारी) जोड लावता येते. 16 वेळा ओळखायचं. 12 किंवा जास्त बरोबर आली तर नुसत्या नशिबाची शक्यता चार टक्क्यांच्या आत येते. 9-10 वर अडकलात तर फरक तुम्हाला ऐकू येत नाही हे मान्य करा. त्यात कमीपणा काही नाही. उलट, मग जुनी-नवी कुठलीही ऐका, झोप शांत लागेल.

इथे बेसबद्दल सावध करतो, कारण ‘नव्यात बेस जास्त आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. आपल्याकडची बेडरूम साधारण 10 बाय 12 फूट. 12 फुटांच्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, 10 फुटांत 56 च्या आसपास, आणि साडेनऊ फुटी स्लॅबमुळे 59 च्या आसपास. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. बेस गिटारची सगळ्यात खालची तार साध्या सुरावटीत 41 हर्ट्झला असते, खाली उतरवलेल्या गिटारचा खर्ज 62 ला. म्हणजे या बँडचा अख्खा खालचा मजला तुमच्या खोलीच्या फुगवट्यात सापडतो. भिंतीला टेकून बसलात तर गडगडाट, खोलीच्या मधोमध बसलात तर पोकळ. डोकं दोन फूट पुढे घेतलं की ‘रीमास्टर’ बदलतो! म्हणून बेसची तुलना बंद पाठीच्या, वायरच्या हेडफोनवर करा आणि स्पीकर फक्त आनंदासाठी ठेवा. घोडबंदर रोडला आणखी एक पाहुणा असतो: रात्रीच्या अवजड ट्रकांची घरघर. तीही त्याच खालच्या पट्टीत. खिडकी बंद केली तरी स्लॅबमधून येते आणि गाण्यातल्या हळू जागा बुजवते. पहाटे पाच-साडेपाचला ऐका, किंवा रविवारी दुपारी, सोसायटी जेवून झोपलेली असताना.

लोकलमध्ये तुलना नकोच. तिथे कानात जाणारा आवाज गाडीच्या खडखडाटावर मात करायला वाढवलेला असतो आणि त्या स्थितीत चेपलेली प्रत नेहमीच जिंकते, कारण तिच्यात हळू असं काही उरलेलंच नसतं. प्रवासासाठी चेपलेली प्रत वेगळी ठेवली तर मात्र ती शहाणपणाची. फक्त, धीम्या गाडीने ठाणे ते सीएसएमटी तासाभराचं आणि अल्बम 73 मिनिटांचा. मशीद बंदरला पोचाल तेव्हा शेवटची दोन गाणी उरलेलीच असतील.

अजून एक गोष्ट मोजमापात येत नाही. तुम्ही हा अल्बम विशीत ऐकायला सुरुवात केली असेल तर आता चाळिशी ओलांडली असणार. वरच्या पट्टीतलं, 15-16 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं या वयात बहुतेकांचं कमी झालेलं असतं. जुनी सीडी ‘आता जरा मंद वाटते’ आणि नवी ‘खुली’, यात सीडीचा वाटा किती आणि कानाचा किती, हे आधी वेगळं करा. नव्यात ट्रेबल वाढवलेलं निघालं तर तुम्हाला ते आवडणं साहजिक आहे. तुमच्या मुलाला तेच टोचेल. दोघांचंही बरोबर.

आता क्रमाकडे येऊ, कारण या अल्बमच्या बाबतीत मला ते आवाजाइतकंच महत्त्वाचं वाटतं. ते चार जोडतुकडे बरेच जण वगळतात. वगळू नका. गडकरी रंगायतनला दोन प्रवेशांच्या मध्ये रंगमंच काळोखात जातो, नेपथ्य हलवल्याची खडखड ऐकू येते आणि प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. त्या तुकड्यांचं काम तेवढंच आहे. ते काढले की एक लांब गाणं संपता संपता दुसरं अंगावर येतं. 1993 च्या रचनेत विनोद, किळस, टवाळी हे सगळं शोकाच्या शेजारी बसवलंय. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ही मंडळी हार्डकोरच्या अड्ड्यांतून आलेली, त्यांना नुसतं रडायचं नव्हतं. 1994 च्या रचनेत टवाळी गेली आणि एकसंध, काळा, लांबलचक शोक उरला. ‘ब्लॅक नंबर वन’ 1993 मध्ये तिसऱ्या जागी आहे, डिजिपॅकमध्ये सगळ्यात शेवटी. एका रचनेत ते दार उघडणारं गाणं, दुसरीत भैरवी. गाणं तेच, पण तिसऱ्या जागी त्यातला उपहास पुढे येतो आणि शेवटच्या जागी थकवा. दोन्ही क्रमांनी, मधे दोन दिवस सोडून, पूर्ण ऐकल्याशिवाय ‘मूळच बरं’ असं म्हणू नका.

दोन्ही वेळी प्लेअरमध्ये गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये फट न पाडणं) चालू हवं, क्रॉसफेड बंद हवा. क्रॉसफेड हा मोबाईल अ‍ॅपमधला सगळ्यात निष्पाप दिसणारा उपद्रव. जोडतुकड्याचे पहिले पाच सेकंद तो मागच्या गाण्याच्या शेपटीत कालवतो आणि ऐकणारा मास्टरिंगला शिव्या देतो. एमपी3 वर गेलात तर ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते, सांधा ‘टुक्’ करतो. फ्लॅकमध्ये हा त्रास नाही.

दुसऱ्या सीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिच्यात तीन जातीचा माल आहे आणि प्रत्येकाला वेगळ्या दिवशी बसवा. अल्बमच्या काळातलं पूर्ण गाणं, म्हणजे ‘सस्पेंडेड इन डस्क’, हे खरं धन. वेगळे मिक्स एकदा लक्ष देऊन ऐकावेत: ड्रम कुठे बसवलेत, आवाज किती पुढे आणलाय, कीबोर्डची झूल किती कमी केलीय. बँडमधल्या जोश सिल्व्हरचे कीबोर्ड आणि निर्मितीतला त्याचा हात या अल्बममध्ये किती आहे हे वेगळ्या माणसाने केलेला मिक्स ऐकल्यावरच ध्यानात येतं. रेडिओसाठी कापलेल्या प्रती मात्र संग्रहाच्या कामाच्या, ऐकण्याच्या नाहीत. त्यांचा एकच उपयोग: ‘ख्रिश्चन वुमन’ हे तीन भागांचं, नऊ मिनिटांच्या जवळ जाणारं गाणं कापताना नेमकं काय टाकलं ते कागदावर लिहा. टाकलेलं जवळजवळ सगळं हळू जागांमधलं असतं. पुन्हा तीच दरी.

विनाइल. आवाजासाठी घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. 73 मिनिटं दोन तबकड्यांवर म्हणजे बाजूला 18 मिनिटं, तेवढं जमतं. पण 33⅓ च्या वेगात बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाचा सरकतात, आतल्या कडेला 21-22. बाजूच्या शेवटी जे गाणं येतं त्याला निम्म्याहून कमी जागा मिळते, झांजा फिसकटतात, स्टीलच्या आवाजातला ‘स’ थुंकी उडवल्यासारखा येतो. ‘ब्लॅक नंबर वन’ शेवटी ठेवणाऱ्या 1994 च्या क्रमाला ही अडचण नेमकी भोवते. तो क्रम नंतर ‘सस्पेंडेड इन डस्क’ हे नाव जोडून विनाइलवरही निघाला आहे. तरी घ्यायचंच असेल तर एका चांगल्या कारणासाठी घ्या: बाजू बदलायला तीनदा उठावं लागतं, आणि या अल्बमला ते मध्यंतर मानवतं. सुईचा दाब कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलाय तेवढाच, बहुतेकांना 1.8 ते 2.2 ग्रॅम. ‘जपून’ म्हणून कमी ठेवला तर सुई खाचेत उडते आणि तबकडी जास्त खराब होते. टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर ठेवू नका. या बँडचा खालचा खर्ज टेबलातून सुईत आणि सुईतून स्पीकरमध्ये फिरायला लागला की घुऽऽ असा आवाज वाढतच जातो.

पावसाळा. जुलै-ऑगस्टला ठाण्यात हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे सहज असते. घोडबंदर असो की बेलापूर, डोंगराच्या बाजूच्या खोलीत भिंतीला ओल येतेच. सीडीच्या प्लॅस्टिकला त्याने फारसं काही होत नाही, बुकलेटला होतं. चकचकीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात आणि उघडताना काळी शाई फाटून येते. डिजिपॅक त्याहून नाजूक, पुठ्ठा फुगतो. धान्याचा हवाबंद डबा घ्या. वीसेक सीड्यांना 100-150 ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घाला, रंग बदलणाऱ्या जातीचं. रंग उतरला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास, पुन्हा ताजं. डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. कपाटातल्या साड्यांना चालतात. सीडीच्या डबीचं पॉलिस्टायरीन त्यांच्या वाफेने मऊ आणि चिकट होतं. तबकड्या उभ्याच ठेवा, बाहेरचं श्रिंक रॅप काढून टाका (ते आवळतं आणि तबकडी वाकवतं), आणि पीव्हीसीची जाड पारदर्शक पिशवी टाळा. उन्हाळ्यात त्यातलं तेलकट द्रव्य सुटून तबकडीवर धुरकट डाग पाडतं. पॉलिप्रॉपिलीनची साधी पिशवी बरी.

जुन्या ब्रिटिश सीड्याही संग्रहात असतील, म्हणजे याच धाटणीच्या बँडांच्या, 1988 ते 1993 मधल्या, तर कड्यावर ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ लिहिलंय का बघा. त्या कारखान्यातल्या काही सीड्यांचं लाखेचं अस्तर कव्हरच्या कागदातल्या गंधकाने सडतं, सीडी कडेकडून आत तांबूस होत जाते आणि शेवटचे ट्रॅक आधी मरतात. उपाय नाही. आजच उतरवून घ्या, उद्या नाही.

दोन्ही आवृत्त्या ठेवू का? मोजमापात मास्टर तेच निघालं तर जुनी खुशाल एखाद्या नव्या श्रोत्याला द्या. दरी कमी झालेली निघाली तर जुनी ऐकायला आणि नवी दुसऱ्या सीडीसाठी. दरी तशीच राहून फक्त ईक्यू बदलला असेल तर आवड तुमची.

आणि तिसरा अल्बम तुमच्याकडे आधीच आहे. 1994 च्या डिजिपॅकची नऊही गाणी तुमच्या दोन सीड्यांत मिळून आहेत. प्लेलिस्ट अशी लावा: ‘ख्रिश्चन वुमन’, ‘ब्लडी किसेस’, ‘टू लेट: फ्रोझन’, ‘ब्लड अँड फायर’, ‘कान्ट लूज यू’, ‘समर ब्रीझ’, ‘सेट मी ऑन फायर’, ‘सस्पेंडेड इन डस्क’, ‘ब्लॅक नंबर वन’. सगळं मिळून 67 मिनिटांच्या आसपास. ‘सस्पेंडेड इन डस्क’ दुसऱ्या सीडीवरून येणार, त्यामुळे त्याची पातळी इतरांपेक्षा वेगळी असू शकते. तेवढ्या एका गाण्याला हाताने गेन लावा, म्हणजे त्याची पातळी वर-खाली करा: त्यातली गिटार पूर्ण भरात असतानाचा शॉर्ट टर्म आकडा ‘ब्लॅक नंबर वन’च्या तशाच जागेशी जुळवा, अर्ध्या डेसिबलच्या आत आलं की पुरे. यादी संपल्यावर अ‍ॅपचं ऑटोप्ले बंद आहे ना ते आधी तपासून घ्या, नाहीतर शेवटच्या गाण्याची शेपटी विरण्याआधीच भलतंच काहीतरी सुरू होईल.